फेटा बांधलेला पोलीस

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दामच टाळलं. ती दोन वाक्यांत उरकण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि मी सांगायला लागले की तुमच्या आजोबांना मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. आत्ता ते भाजी आणायला गेले आहेत. तेवढ्यात क्रमाने लिहून काढते.

तुमचा प्रश्न मावशीच्या लग्नातल्या त्या फोटोबद्दल होता. मावशी बोहल्याकडे चालली आहे. तिचा हात मामाआजोबांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या हातात आहे. मामाआजोबांचा दुसरा दंड एका पोलिसाने धरला आहे. पोलिसाच्या अंगावर खाकी वर्दी आहे आणि डोक्यावर गुलाबी फेटा. हा कुणाकडचा पाहुणा, असं तुम्ही विचारलंत. पाहुणा आपल्याच बाजूचा. फक्त त्याला सरकारने पाठवलं होतं.

त्या दिवशी तुम्ही तिकडे पहाटे उठून फोनसमोर बसलात आणि इथून काहीच दिसलं नाही, म्हणून धाकटी रडली होती. आमचा फोन बिघडला नव्हता. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद केलेलं होतं. का, तेही पुढे येईलच.

आधी मामाआजोबा. उदगीरला त्यांची धान्याची आडत. ती आता त्यांचा मुलगा बघतो. मामाआजोबा आंदोलनं बघतात. रेल्वेचा थांबा, नळाचं पाणी, पीकविमा, किल्ल्याच्या वाटेवरचे खड्डे, काहीही असो, रस्त्यावर बसायचं असलं की हे पुढे. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही, दगड उचललेला नाही. देवाने आवाज मात्र असा दिला आहे की मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बोलले तर स्टेशनावर ऐकू येतं. त्यामुळे मंत्री यायचा असो की बंद पुकारलेला असो, पोलीस त्यांना सकाळी घेऊन जातात, दिवसभर ठाण्यात बसवून ठेवतात आणि संध्याकाळी सोडतात.

याला प्रतिबंधात्मक अटक म्हणतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे नात्यातल्या मंडळींनी हे असलं काही समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलेलं आहे. साध्या अटकेत माणसाने काहीतरी केलेलं असतं. या अटकेत तो काहीतरी करील अशी भीती असते. पाऊस येईल म्हणून वाळवण आत घ्यावं, तसं माणसाला आत घेतात. सरकारला हा अधिकार का लागतो ते मला कळतं. गाव पेटल्यावर पाणी शोधत बसण्यात अर्थ नसतो. पण माणसं म्हणजे कुरडया नव्हेत, हेही कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

उदगीरला मात्र या अटकेचा जवळजवळ सण होऊन बसला होता. ठाण्यातल्या जमादाराचा आदल्या दिवशी फोन येई. उद्या साहेब येऊन राहिलेत शेठ, गाडी पाठवू का चालत येता? मामाआजोबा चालत जात, म्हणजे वाटेत चार लोक बघतात. तिथे चहा होई, पत्त्यांचा डाव पडे. मामीआजी सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना नेलं तेव्हा मी दिवसभर रडले, दुसऱ्यांदा जेवले, आणि तिसऱ्यांदा पिशवी शिवली. ती पिशवी म्हणजे जाड खादीची, लांब पट्ट्याची. तिच्यात लुंगी, हवेची उशी, रक्तदाबाच्या गोळ्या, पत्त्यांचा कॅट आणि डबीभर शेंगदाण्याची चटणी कायम भरलेली असते. घराबाहेर मुक्कामाला जायचं तर ती पिशवी सोबत असतेच. मावशीच्या लग्नालाही आली.

आता लग्न. नवरदेवाकडची मंडळी लातूरची. लग्न इथे, नांदेडला. मी कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं होतं आणि आजोबा येता-जाता त्याला नमस्कार करत होते. त्याच आठवड्यात आंदोलन पेटलं. कुणाची मागणी बरोबर, कुणाची चूक, ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा. इथे एवढंच महत्त्वाचं की दोन तालुक्यांत एसट्या जाळल्या गेल्या, गाड्या बंद झाल्या, इंटरनेट गेलं आणि जमावबंदी लागली. जमावबंदी म्हणजे चार-पाच माणसांनीसुद्धा एकत्र जमायचं नाही. आणि आमच्या अंगणात हळद.

नवरदेवाकडच्यांना मी हट्टाने एक दिवस आधी बोलावून घेतलं होतं, म्हणून ती मंडळी पोचली. नायगावचे, हिमायतनगरचे पाहुणे अडकले. लग्नाची परवानगी आजोबांनी कचेरीत जाऊन काढली. थोडक्या माणसांत उरका, घोडा नको, वाजंत्री नको, असं त्यांना सांगण्यात आलं. घोडा नाही म्हटल्यावर नवरदेवालाच हायसं वाटलं असं ऐकलं.

मामाआजोबा हळदीच्या आदल्या दिवशीच आले होते आणि आल्यापासून गप्प होते. त्यांचा गप्पपणा म्हणजे घरात कुणीतरी रेडिओ बंद केल्यासारखं. मला वाटलं प्रवासाने थकले असतील. हळदीच्या दिवशी सकाळी कळलं की उदगीरला त्यांच्या सगळ्या सोबत्यांना पोलिसांनी उचललं होतं. एकूण एक. राहिले होते फक्त हे, आणि तेही भाचीच्या लग्नात जिलबी खात बसलेले.

थोड्या वेळाने मागच्या दारी त्यांचा आवाज आला. ते हळू बोलत होते, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जात होतं. उदगीरच्या जमादाराशी बोलणं चाललं होतं.

"मी नांदेडला हाय जमादार. पत्ता लिहून घ्या. उद्या कुणी म्हणू ने, लग्नाचं निमित्त काढून लपला."

मी तिथेच उभी राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पाण्याचा नळ बंद केला. नळ बंदच होता. मी विचारलं, हे काय केलंस? ते म्हणाले, कळवून ठेवलं नुसतं, नोंद राहते. उदगीरचे पोलीस काय एवढ्या लांब येतात?

उदगीरचे पोलीस नाहीच आले. उदगीरहून लातूरला आणि लातूरहून नांदेडला निरोप गेला. जमादाराने बिचाऱ्याने सरळ मनाने सांगितलं असणार. पण निरोप चार तोंडांतून आला की त्याला शिंगं फुटतात. नांदेडला पोचेपर्यंत तो असा झाला होता की उदगीरचा एक मोठा आंदोलक अमुक घरात येऊन थांबला आहे आणि त्या घरी सकाळपासून माणसं गोळा होत आहेत. माणसं गोळा होत होती हे खरंच होतं. त्यांच्या हातात हळदीच्या वाट्या होत्या.

दुपारी जीप येऊन थांबली. एक तरुण फौजदार उतरला, दोन शिपाई आणि एक महिला पोलीस. दारात मांडव, आत बायका गाणी म्हणत होत्या, आणि मधोमध पाटावर तुमची मावशी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. फौजदाराने दारातच टोपी काढून काखेत मारली. त्या पोरीला, म्हणजे महिला पोलिसाला, आमच्या शेजारणीने आधी हळदीचं बोट लावलं आणि मग काय काम आहे ते विचारलं. फौजदाराने चौकशी केली, उदगीरचे गृहस्थ कोण? मामाआजोबा कोपऱ्यातून उठले. पिशवी खांद्याला होती. ती कधी घेतली, कुणालाच दिसलं नाही. हळदीने त्यांचेही गाल माखलेले होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत येतोच अक्का, आणि स्वतःच्या पायांनी जीपमध्ये जाऊन बसले.

खरं सांगते, तोपर्यंत आम्हाला सगळ्यांना हसूच येत होतं. मामीआजीने तर मागून आवाज देऊन चटणीची डबी घेतली का विचारलं.

संध्याकाळी ते आले नाहीत.

नांदेड म्हणजे उदगीर नव्हे. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. शिवाय वातावरण तापलेलं, वरून कडक हुकूम, ठाण्यात जागा नाही. धरून आणलेल्या लोकांना एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. लग्नासाठी आम्ही घेतलेलं ते नव्हे, शहराच्या दुसऱ्या टोकाचं. मी आणि आजोबा तिथे गेलो. आत पन्नासएक माणसं सतरंज्यांवर बसलेली. स्टेजवर आदल्या लग्नातल्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, मागे 'शुभविवाह' अशी थर्माकोलची अक्षरं, आणि त्या अक्षरांखाली टेबल टाकून तहसीलदार बसले होते. अशा वेळी दंडाधिकाऱ्याचं काम त्यांच्याकडे असतं. एकेकाला पुढे बोलावत होते आणि हमीपत्रावर सही घेऊन सोडत होते. माझ्या हातून शांततेचा भंग होणार नाही, झाल्यास इतका दंड भरीन, असा त्याचा मजकूर. सही केली की घरी.

मामाआजोबांनी सही केली नव्हती.

ते त्यांचं जुनं व्रत आहे. इतक्या वेळा आत जाऊन त्यांनी एकदाही हमीपत्र दिलेलं नाही. उदगीरला कुणी मागतही नसे, संध्याकाळी आपोआप सुटका होई. इथे मागत होते. तहसीलदार तसे भले होते. मला म्हणाले, बाई, तुम्हीच समजवा, उद्या लग्न आहे म्हणता, मलाही यांना ठेवून घ्यायची हौस नाही. पण सही नाही तर उद्यापर्यंत बसावं लागेल, आणि उद्या परिस्थिती कशी असेल ते मी आज सांगू शकत नाही.

मी भावाला बाजूला घेतलं. मोठी बहीण म्हणून जेवढं बोलता येतं तेवढं बोलले. तुझी लाडकी भाची, तू तिचा एकुलता एक मामा. आपल्याकडे वडील असोत, भाऊ असो, नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. तू नसलास तर तिचा हात कोण धरणार? एक सही तर करायची आहे. तू नाहीतरी दंगा करणार नव्हतास, मग करणार नाही असं लिहून द्यायला काय जातं?

त्यांनी सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढून तोडला. मग म्हणाले, "जी शांतता मी कधी मोडली न्हाई, ती न मोडायचं लिहून कशापायी देऊ? आज दस्कत केलं की उद्या हाच कागद दाखवतेत, बघा, यानं सोताच कबूल केलंय म्हणून."

आजोबांनी मला खुणेने गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, तुझ्या भावाचं चुकलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पंचाईत ही आहे की तो बरोबर बोलतोय.

तिथे मामाआजोबांच्या शेजारी एक म्हातारे घड्याळजी बसले होते. जुन्या गावातले. त्यांच्या आजोबांपासून तिथे घड्याळं दुरुस्त करणारं घराणं. दरवर्षी सणावाराच्या आधी पोलीस शांतता समितीची बैठक घेतात, तिच्यात हे पहिल्या रांगेत बसायचे. त्यांना इथे बघून मला नवल वाटलं. मी विचारल्यावर ते मला ताईसारखं 'बाजी' म्हणत हसून म्हणाले, "बाजी, हमारा नाम मालूम है, इसलिए लाए. जिनके नामां नै मालूम, वो बाहर फिर रए."

इतक्या दिवसांत या विषयावर मी वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचलं. पण एवढं थोडक्यात आणि एवढं खरं कुणी लिहिलेलं नाही. घाबरलेलं सरकार अंधारात हात घालतं आणि ओळखीचा हात लागेल तो धरतं. त्या सतरंज्यांवर अशीही काही कॉलेजची मुलं होती जी चौकात नुसती उभी होती. त्यातल्या एकाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचं हसू करता येणार नाही. त्याचं काय झालं ते मला कळलं नाही.

घरी येऊन मावशीला सांगणं माझ्याच वाट्याला आलं. तिची मेंदी वाळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल आणि म्हणेल, मामाला सही करायला लावा. ती म्हणाली, "त्याला सही करू देऊ नका. माझ्या लग्नाच्या पायी त्यानं मान खाली घातली, हे मी जन्मभर बरोबर घेऊन जाणार नाही." मग म्हणाली, पण मी मामाशिवाय बोहल्यावर जाणारही नाही.

म्हणजे गाठ जिथल्या तिथे. एकाला सही करायची नाही आणि दुसरीला मामा सोडायचा नाही. माझ्या वेळापत्रकात यासाठी रकाना नव्हता.

सकाळी ती उठली, डोक्यावरून न्हाली आणि माझ्यामागे लागली की मला तिथे घेऊन चल. मुहूर्त दुपारचा होता. नवरीने लग्नाच्या दिवशी घराबाहेर पडू नये म्हणतात, पण आमच्याकडे त्या दिवशी काय काय होऊ नये ते सगळं आधीच होऊन गेलं होतं. आजोबांनी गाडी काढली. मामीआजी बरोबर आली. मांडीवर मामाआजोबांचा मानाचा फेटा आणि नवं धोतर.

कार्यालयात त्या वेळी पोलीस निरीक्षक होते. दोन दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नसावा. चहाचा कप हातात तसाच गार झाला होता. हिरवा चुडा, हळदीचे हात, कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी, अशी मुलगी समोर उभी राहिलेली बघून ते आपोआप खुर्चीतून उठले. मी बोलायला तोंड उघडलं तर मावशीने माझा हात दाबला आणि स्वतः बोलली.

"साहेब, मामाला सोडा म्हणत नाही मी. घटकाभर उसना द्या. हवं तर पोलिसासकट द्या."

निरीक्षकांनी गार चहाचा कप टेबलावर ठेवला. हसायचं की रागवायचं हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी हसले आणि एकदा हसल्यावर माणसाला परत कडक होता येत नाही. त्यांनी तहसीलदारांना फोन लावला. पलीकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण इकडचं शेवटचं वाक्य मी ऐकलं: नाही साहेब, सुटका नाही, ताब्यातच आहे, ताब्यातल्या ताब्यात लग्नाला जाऊन येतो. मग त्यांनी एका शिपायाला बोलावलं. पोट सुटलेले, मिशा पिकत चाललेले, नायगावकडचे गृहस्थ. त्यांना हुकूम झाला: यांचा हात एक क्षणही सोडायचा नाही, आणि अक्षता पडल्या, जेवण झालं की सरळ परत.

शिपायाने तो हुकूम अक्षरशः पाळला. तिथल्या तिथे मामाआजोबांचा दंड धरला आणि आमच्या कार्यालयात येईपर्यंत सोडला नाही. धोतर नेसताना मात्र भिंतीकडे तोंड करून उपरण्याचं एक टोक धरून उभे राहिले. निघताना घड्याळजींनी मामाआजोबांच्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं आणि किल्ली दिली. मुहूर्त गाठायला चाललाय, म्हणाले, घड्याळ मागे नको.

आमच्या कार्यालयाच्या दारात पोलिसांची जीप थांबली तेव्हा नवरदेवाच्या आई स्वागताला उभ्या होत्या. मला भीती होती ती त्यांचीच. जीपमधून नवरीचा मामा उतरतो आणि त्याला पोलिसाने धरलेलं आहे, हे कोणत्या विहिणीला आवडेल? त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आमच्या लातूरला मामा बैलगाडीतून आले तर मोठेपणा. तुमचे तर सरकारी गाडीतून येऊन राहिलेत." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांचे वडीलही अशाच कशासाठी तरी दोनदा आत गेले होते, ते मला नंतर जेवणाच्या पंगतीत कळलं. आधी सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

आता फेटा. गौरीहरापाशी मावशी तांदूळ वाहत बसली होती. तिला तिथून उठवून बोहल्यावर न्यायचं. भटजींनी मामाला पुढे बोलावलं, तर दोघे पुढे आले. भटजी जुन्या वळणाचे. त्यांचं म्हणणं, नवरीच्या अंगाला अंग लावून जो कुणी चालणार त्याच्या डोक्याला काहीतरी हवं, आणि ही सरकारी टोपी बोहल्यावर चालणार नाही. शिपाई म्हणाले, टोपी काढतो. भटजी म्हणाले, बोडकंही चालणार नाही. शिपाई म्हणाले, मग मी हात सोडतो. आणि लगेच स्वतःच म्हणाले, न्हाई न्हाई, हात सोडता येत न्हाई. मुहूर्त जवळ येत होता. तेवढ्यात नवरदेवाच्या काकांनी आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि शिपायाच्या डोक्यावर ठेवला. तिघे तसेच बोहल्याकडे निघाले, आणि बिचाऱ्या शिपायाने दाराकडे बघत बघत विचारलं, साहेब येणार न्हाईत ना इकडं? फोटोवाल्याने त्याच क्षणी बटण दाबलं. तुम्ही पाहिलात तो हा फोटो.

मंगलाष्टकं झाली. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, म्हणून मामाच्या पाठीशी शिपाईही उभे राहिले. एका हातात दंड, दुसऱ्या हातात अक्षता. अक्षता टाकताना त्यांचा नेम मात्र चांगला होता. मामाआजोबांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. 'सावधान' म्हणायची वेळ आली की सगळं कार्यालय हादरत होतं. वाजंत्रीची परवानगी नव्हती, पण उणीव कुणाला जाणवली नाही. मावशी अंतरपाटामागे उभी होती आणि तिच्या खांद्यावर मामाचा हात होता. मला तिचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यासाठी मी आणखी दोन वेळापत्रकं फाडून टाकली असती.

मग आहेर. मामाला टोपी, टॉवेल, नारळ दिला तसा शिपायालाही द्यायला गेले. ते म्हणाले, ड्यूटीवर हाय बाई, घेता येत न्हाई. नारळ मात्र प्रसाद म्हणून घेतला. जेवणाला मामाआजोबा बसेनात. तिकडे सकाळपासून खिचडी देऊन राहिलेत, म्हणाले, मी एकट्यानं बुंदी कशी खाऊ? आता आमच्याकडे स्वयंपाक होता गावजेवणाचा आणि पाहुणे आले होते निम्मे. आचारी कधीचा विचारत होता, एवढ्या वांग्याच्या भाजीचं काय करू? मी त्याला पुऱ्या, भाजी, वरण, भात, बुंदी, सगळं पातेल्यांत भरायला सांगितलं आणि जीपमध्ये चढवलं. तेव्हा कुठे मामाआजोबा पाटावर बसले. शिपायाने डाव्या हाताने त्यांना धरून उजव्या हाताने जेवण केलं आणि बुंदी तीनदा घेतली.

इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. जेवण झालं. मामाआजोबा हात धुऊन आले आणि निघायची घाई करू लागले. शिपाई पानाच्या तबकापाशी रमले होते. आचाऱ्याचा एक मदतनीस नायगावकडचा, ओळखीचा निघाला होता आणि गप्पा रंगल्या होत्या. हात केव्हा सुटला ते त्यांना कळलंही नव्हतं. मागच्या दारी रिक्षा उभ्या होत्या. मामाआजोबा कुठेही जाऊ शकले असते. ते परत आत गेले, शिपायाचा दंड धरला आणि त्यांना जीपपर्यंत घेऊन आले. चला, म्हणाले, साहेबांना शब्द दिलाय तुम्ही, उशीर बरा न्हाई.

तिकडच्या कार्यालयात जीप पोचली तेव्हा आम्ही पातेली उतरवायला मागोमाग गेलो होतो. दारात तहसीलदार आणि निरीक्षक दोघेही उभे होते. त्यांनी पाहिलं ते असं: पुढे मामाआजोबा, त्यांच्या हातात शिपायाचा दंड, आणि शिपायाच्या डोक्यावर अजूनही गुलाबी फेटा. काढायचा राहूनच गेला होता. निरीक्षकांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

पंगत बसली. सतरंज्यांवरची माणसं, पहाऱ्यावरचे पोलीस, सगळे एका ओळीत. घड्याळजींना मी स्वतः वाढलं. जेवणं उरकल्यावर तहसीलदारांनी मामाआजोबांना पुन्हा टेबलापाशी बोलावलं आणि हमीपत्र पुढे केलं. आता लग्न झालं काका, म्हणाले, आता तरी सही करून टाका. मामाआजोबांनी मान हलवली. नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, कारण पाठवणी अजून व्हायची होती. तहसीलदारांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी तो कागद उचलला आणि खालच्या गठ्ठ्यात सरकवला.

"सोडलेला माणूस स्वतः परत आला," ते निरीक्षकांना म्हणाले, "येताना आपला पोलीसही घेऊन आला. याच्याकडून आणखी कसली हमी लिहून घेऊ?"

शहर तोपर्यंत निवळायला लागलं होतं, हेही त्याला कारण असेल. संध्याकाळी सगळ्यांनाच सोडलं, सही केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही. पण मामाआजोबांना त्याआधीच मोकळं केलं. आम्ही पोचलो तेव्हा मावशी गाडीत बसायची थांबली होती. मामा आल्याशिवाय मी हलणार नाही म्हणून तिने लातूरकरांना पुन्हा चहा पाजला होता. मामाला बघून ती आधी त्याच्या मागे कोण आहे ते बघायला लागली. कुणी नव्हतं. मग मात्र दोघे जे रडले ते असे, की विहीणबाईंना त्यांना सांगावं लागलं, पोरीला लातूरला नेतोय, अंदमानाला नाही.

ते शिपाई पुढच्या आठवड्यात फेटा परत द्यायला आले. इस्त्री करून आणला होता. मी तो नवरदेवाच्या काकांकडे पाठवला, तर त्यांनी उलट निरोप दिला की मामांनाच ठेवू द्या. म्हणून आता मामीआजीच्या त्या पिशवीत लुंगी, उशी, गोळ्या, कॅट आणि चटणीच्या बरोबर एक गुलाबी फेटाही घडी करून ठेवलेला असतो. उदगीरच्या जमादारालाही ते माहीत आहे. परवा कुणी मोठे पाहुणे यायचे होते, तेव्हा त्याने फोन करून आधी विचारलं म्हणे, शेठ, घरात कुणाचं लग्नबिग्न तर न्हाई ना?